अमृतरावांचा पत्रा

त्या चैतात लातूरला ऊन असं पडलं, की कावळे उडायचं सोडून सावली-सावलीनं पायी चालायला लागले. चौकातल्या पोलिसाची शिट्टी फुंकता फुंकता मऊ पडली. पंचफुलाबाईच्या डब्यातल्या कच्च्या शेंगदाण्यांना झाकणाच्या आत, बसल्या जागी भाजल्याचा वास सुटला. आता एवढं ऊन म्हणल्यावर गच्चीवरच्या सोलारनं अंगात आल्यागत नाचायला पाहिजे होतं. तर ते मेलं बरोबर बाराच्या ठोक्याला बंद पडायचं.

रोजचं. सकाळी आठला सुरू. दहाला जोरात. अकराला तर असं, की सहा पंखे आन् दोन कूलर म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. आन् बारा वाजले की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून कुई-कुई-कुई असा आवाज यायचा, सोलारच्या मशीनला, म्हणजे इन्व्हर्टरला, लाल दिवा लागायचा, आन् खालचे पंखे दमत दमत थांबायचे. सरकारी लाइट तर बाराला जायची ती चारलाच यायची.

"मावशी, गेली!" खोलीतून दीपाली ओरडायची.

"गेली न्हाई, घालवली," पंचफुलाबाई भाकरी थापता थापता म्हणायची. "आमच्या मालकानं मशीनला कोंबडं डालल्यागत पत्र्याखाली डालून ठेवलंय. ते तरी काय करंल?"

क्लासेसच्या मागच्या गल्लीत पंचफुलाबाईची मेस होती. तीन खोल्या, सहा पोरी. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. कुणी देगलूरची, कुणी अर्धापूरची. परीक्षेला तेरा दिवस राहिलेले, आन् पोरी ओल्या फडक्याखाली डोकं घालून वाचत बसायच्या. घाम वहीवर टपटप पडायचा. हाडांची नावं पाठ करता करता एकेकीची खरीच हाडं दिसायला लागली होती.

त्या सोमवारी दीपालीच्या बापाचा फोन आला. नरसिंग नाव. माणूस सरळ, पण बोलणं कुऱ्हाडीचं.

"मावशी, पोरगी रडून राहिली. दुपारची चार तास भाजून निघते म्हणते. मी आयतवारी गाडी घेऊन येतो. मुद्दाम दुपारचा येतो. पंखा फिरताना दिसला तर ठीक, न्हाई तर पेटी उचलतो. दुसरीकडं एसीची सोय बघितली हाय मी."

"या की. जेवायलाच या," पंचफुलाबाई म्हणली. पण फोन ठेवला तवा हाताचं पीठ फोनला तसंच चिकटून राहिलं.

दीपाली गेली की मागोमाग बाकीच्या पाच जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिच्या मालकाला, अमृतरावांना, त्याचं काहीच न्हाई. ग्रामसेवक म्हणून रिटायर झालेला गडी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. डोक्यात बी इस्त्रीच फिरलेली, एक सुरकुती न्हाई.

"जाऊ द्या की पोरी," ते सुपारी कातरत म्हणले. "आपुन बी जाऊ गावाला. काय कमी हाय तिथं? मी आपला पारावर बसंल, तू कर दोन भाकरी."

पंचफुलाबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं पिठात सापडलेल्या अळीकडं बघतात.

गावाला ती अमृतरावांची मंडळी होती. पाण्याला गेली तरी मंडळी, शेणाला गेली तरी मंडळी. तिला नाव हाय हे गावाला फक्त मतदानाच्या दिवशी कळायचं. इथं रिक्षावाल्याला 'पंचफुला मावशीची मेस' म्हणलं की तो पुढचा पत्ता विचारत नव्हता. चौदा वर्षं तव्यापुढं भाजून घेऊन हे नाव कमावलेलं. ते टाकून परत मंडळी व्हायला जायचं? त्यापेक्षा तिनं ते मशीन खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं असतं.

मंगळवारी तिनं जिलानीला बोलावलं. जिलानी म्हणजे गंजगोलाई बाजाराच्या मागं जळक्या पंपांच्या मोटारी तारेनं भरून देणारा. त्याचा बाप बी तेच करायचा. हे सोलार त्यानंच बसवलेलं. गच्चीवर गेला, पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं आन् दोन पावलं मागं सरला. भट्टीचं झाकण काढावं तशी आतून वाफ आली.

तोवर अमृतराव बी वर आले. शेजारची पार्वतीबाई गच्चीवर कुरडया वाळवत होती, ती ऐकून राहिली म्हणल्यावर त्यांचा आवाज चढला.

"काय जिलानी, चायना माल आणून बसवला न्हवं आमच्या गळ्यात? ऊन सोसंना ह्याला! सोलार हाय का बर्फाचा गोळा?"

जिलानीचं तोंड उतरलं. पन्नाशीचा माणूस, नातवंडांचा आजा. भर गच्चीवर चोर ठरला.

"काका, माल एक नंबर हाय. प्लेटांना ऊन पाहिजे, मशीनला न्हाई पाहिजे. तुमी-आमी रानात पिकवतो, पण जेवायला सावलीत बसतो का न्हाई? तसंच हाय हे. ते स्वतःच तापतं काम करून करून, त्यात वरून पत्रा. मग जीव वाचवायला बंद पडतं बिचारं. हुशार हाय म्हणून बंद पडतं. पहिल्या दिवशीच मी बोललो होतो, खाली भिंतीला लावू, उत्तरेच्या. तुमी ऐकलं न्हाई."

"पत्रा काय एवढा तापत न्हाई."

"हात लावून बघा की."

पार्वतीबाईनं कुरडया सोडून मान वर केली. आता माघार कशी घ्यायची? अमृतरावांनी तळहात पत्र्याला टेकवला. मनात दोन आकडे मोजावेत एवढा वेळ ठेवला. मग हात पाठीमागं नेला.

"कोमट हाय," ते म्हणले. डोळ्यांत पाणी होतं.

खाली येऊन पंचफुलाबाईनं तो हात निम्मा तास माठाच्या पाण्यात धरून ठेवायला लावला. तिला बोलायची गरजच पडायची न्हाई, नाकपुडी थोडी वर केली की भागायचं.

आता ह्या माणसाला भिंतीचं एवढं वावडं कामून? तर त्र्याण्णवला, गणपती बुडवले त्या रातीच्या पहाटेला भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर आल्या. पंचफुलाबाईची सासू त्यात गेली. अमृतराव गोठ्यातल्या पत्र्याखाली होते, ते वाचले. एवढं खरं. पण ते सांगता सांगता त्यांनी त्या पत्र्याला पाक देव करून टाकलं. पहिल्या साली पत्र्याखाली ते एकटे होते. दहाव्या साली म्हस आली, वासरू आलं. अलीकडं तर त्या आठ फुटी पत्र्याखाली निम्मं गाव वाचलं होतं, आन् अमृतरावांनी तो दोन्ही हातांनी तोलून धरला होता. लातूरला विटा-सिमेंटचं, पिलरचं घर बांधलं तरी भिंतीला खिळा मारू दिला न्हाई. घड्याळ टेबलावर, कॅलेंडर कपाटाला चिकटवलेलं, देव चौरंगावर. सासूचा हार घातलेला फोटो सुद्धा खुर्चीत बसवलेला. पाहुणा आला की त्याला आधी सासूला उठवावं लागायचं.

अशा घरात बारा किलोचं मशीन भिंतीला टांगायचं म्हणजे कठीणच.

त्याच दुपारी अमृतरावांनी आपलं डोकं चालवलं. त्यांनी गोणपाट पाण्यात भिजवलं, पिळलं बी न्हाई, आन् मशीनवर घोंगडीसारखं पांघरलं. पाणी खाली बॅटऱ्यांकडं निघालं. जिलानी वायर बघायला पुन्हा आला होता म्हणून बरं. तो बोंबलतच धावला.

"अरे अल्ला! काका, करंट हाय त्यात! ती म्हस हाय का अंग ओलं करायला?"

गोणपाट निघालं. बुधवारी सकाळी अमृतरावांना दुसरी अक्कल सुचली, ती पहिलीपेक्षा मोठी. त्यांनी पोरींच्या खोलीतला कूलर उचलून गच्चीवर नेला आन् मशीनपुढं लावला. मशीन लाइट तयार करणार, ती लाइट कूलर खाणार, आन् कूलर मशीनला वारा घालणार. खाली पोरी पुठ्ठ्यानं वारा घेऊन राहिल्या, वर मशीन नवरदेवागत हवा खाऊन राहिलं.

अर्धापूरची रुखसार प्रयोगाचं थर्मामीटर घेऊन वर गेली. पोरगी लई चौकस. तिनं ते पत्र्याच्या खोलीत दहा मिनिटं टांगलं आन् खाली आणलं.

"आजी, सत्तावन्न डिग्री!"

"चांगलं का वाईट?"

"अजून थोडं वाढलं तर त्या खोलीत तुमची वरणातली बट्टी भाजून निघेल."

बाराला पाच मिनिटं कमी असताना कूलरच्या ओल्या हवेसकट मशीन बंद पडलं. आदल्या दिवसापेक्षा पाच मिनिटं आधी. अमृतराव जिन्यावर उभं राहून म्हणले, "सवय व्हायला लागंल त्याला."

"तुमची व्हायला चाळीस वर्षं गेली मला," पंचफुलाबाई म्हणली. "आयतवारपर्यंत तेवढा टाइम न्हाई."

गुरुवारी रेणापूरला भाच्याच्या पोरीचं लग्न होतं. अमृतराव सकाळी फेटा काखेत मारून एसटीनं गेले. एसटी वळली का न्हाई, पंचफुलाबाईनं पदर खोचला आन् जिलानीला फोन लावला.

"ये रे. बारा वाजायच्या आत खाली पाहिजे मला."

"काका?"

"काका बुंदी खाऊन राहिले."

पहिलं काम बॅटऱ्यांचं. दोन बॅटऱ्या, एकेक साठ किलोची. जिलानीच्या कमरेत चमक भरलेली, दुसरा गडी मिळंना. पंचफुलाबाईनं जुनी गोधडी जिन्यावर पसरली, तिच्यावर बॅटरी उभीच ठेवली, आन् वरून जिलानी धरून, खालून ती आन् रुखसार टेकू देऊन, पायरी-पायरी उतरवायला लागले. लग्नाला आणलेली नवरी बी कुणी एवढी जपून उतरवली नसंल. पायरीगणिक बॅटरी आतून डुचमळायची आन् जिलानी म्हणायचा, "आडवी नका होऊ देऊ काकू, तेजाब हाय, तेजाब." पंचफुलाबाईच्या दंडाच्या शिरा दोरखंडावानी फुगल्या. साठीची बाई. दुसऱ्या बॅटरीला तिचा अंगठा पायरी आन् बॅटरीच्या मधी सापडला. नख काळं पडलं. तिनं अंगठा तोंडात घातला, चोखला, बाहेर काढला आन् म्हणली, "हं, चला."

भिंत कुठली? घरात उत्तरेची, दिवसभर ऊन न लागणारी भिंत एकच होती. अमृतरावांच्या खोलीतली, त्यांच्या बाजेच्या उशाची.

जिलानी घुटमळला. "काकू, काकांच्या डोक्यावर?"

"तिथं सगळ्यात थंड असतं. कधी काही पेटलंच न्हाई तिथं."

आधी सासूला खुर्चीसकट अंगणात लिंबाखाली नेऊन ठेवलं. मग जिलानीनं पेन्सिलीनं चार खुणा केल्या आन् ड्रिल भिंतीला टेकवलं. घर्रर्र झालं, आन् ती थरथर फरशीतून पंचफुलाबाईच्या तळपायात चढली. तिनं दाराची चौकट धरली. एकतीस वर्षं ती मालकाच्या भिण्याला हसत आली होती, पण तिच्या पोटऱ्यांना कुणी हसायला सांगितलं नव्हतं. त्या लटलटायला लागल्या. विटेची लाल भुकटी फरशीवर सांडत होती, आन् तिला दुसरीच धूळ दिसत होती, दुसरीच पहाट.

जिलानीनं ड्रिल थांबवलं. "राहू द्यायचं का काकू?"

"थांबलास तर बाकीची भोकं मी उलथन्यानं पाडीन. चालव."

चार भोकं पडली. चार बोल्ट बसले. मशीन टांगलं. बाजूंनी, वरनं, खालनं हातभर जागा मोकळी सोडली. जिलानी एका हातानं बोल्टला लोंबकळून दाखवायला लागला. "बघा. बारा किलोचं हाय. माझी नात उमैमा ह्याच्यापेक्षा जड हाय." गच्चीवरनं वायरी जिन्याच्या खिडकीतून खाली घेतल्या. बटण दाबलं तवा बाराला दहा मिनिटं होती.

बारा वाजले. गल्लीतली लाइट गेली. पार्वतीबाईच्या घरातून तिच्या सुनेनं महावितरणाला घातलेली शिवी ऐकू आली. सहा पोरी पंख्याकडं तोंड वर करून उभ्या, चातकावानी. पंखा फिरतच होता. साडेबारा. फिरतच होता. मशीनचा इवलासा पंखा घुंघुं करून राहिला, हिरवा दिवा तसाच. एक वाजला तवा दीपाली पंख्याखाली आडवी झाली आन् घोरायलाच लागली.

"उठ गं, वाच!" पंचफुलाबाई म्हणली. पण आवाजात धार नव्हती.

संध्याकाळी अमृतराव आले. बुंदीनं पोट गच्च, सदऱ्यावर अक्षदा. आपल्या खोलीत गेले आन् जसे गेले तसेच उलटे बाहेर आले. बाहेर म्हणजे पार गल्लीत.

"माझ्या डोक्यावर! माझ्या डोक्यावर टांगलं! मारायला टपलाव तुमी मला!"

गल्ली जमा व्हायला वेळ लागला न्हाई. पार्वतीबाई तर लाटणं हातात घेऊनच आली. जिलानी हत्यारं आवरत होता, त्याच्यावर बोट रोखून अमृतराव ओरडले, "ह्या चोरानं फितवलं! मी सांगून ठेवतो, पत्र्यानं वाचवलंय मला, पत्र्यानं! माझी बुद्धी होती म्हणून मी त्या राती पत्र्याखाली झोपलो!"

पंचफुलाबाई ओसरीवर आली. काळ्या नखाचा हात कमरेवर ठेवला.

"बुद्धी?" ती म्हणली. "आवो, मिरवणुकीत नाचून, शिंदी ढोसून आलता तुमी. गुलालात लोळलेल्या रेड्यावानी. दाराशीच ओकलात. मी घरात घेतलं न्हाई, काठी घेऊन गोठ्यात हाकललं. म्हशीनं बी तोंड फिरवलं होतं. पहाटं जीव राहिला न्हाई म्हणून गोधडी घालायला आले तुमच्या अंगावर, तवा धरणी हालली. पत्र्यानं न्हाई वाचवलं. शिंदीनं वाचवलं. तिचं देऊळ बांधा."

गल्लीत कुणी हसलं न्हाई, एवढ्या जोरात हसू दाबलं सगळ्यांनी. पार्वतीबाईनं तोंडावर लाटणं धरलं. अमृतरावांचा एकतीस वर्षांचा पत्रा एका दमात उडून गेलेला.

"जातो मी माझ्या पत्र्याखाली," ते शेवटी म्हणले. "गार हाय तिथं."

बाज, तांब्या, पेपर घेऊन गच्चीवर गेले. रात बरी गेली, गच्चीवर कुणाचीबी जाते. शुक्रवारी सकाळी बी ते खाली आले न्हाईत. अकराला पंचफुलाबाईनं ताक पाठवलं. रिकामा गिलास खाली आला, निरोपासकट: 'लई गार हाय हितं.'

बाराला मशीन बंद पडायचं. अमृतराव सव्वाबारापर्यंत टिकले. मशीनपेक्षा पंधरा मिनिटं जास्त, एवढं मात्र त्यांच्या पदरात टाकायला पाहिजे.

रुखसार दुसरा गिलास घेऊन वर गेली तर मालक बाजेवरून निम्मे खाली, तोंड लालबुंद, अंग कोरडं खडखडीत. पोरीनं अशी किंकाळी मारली की पाची जणी पुस्तकं टाकून धावल्या. बाज तशीच उचलली. जिन्यावर कालचीच गोधडी, कालचीच वाट.

"थंड खोलीत घ्या! पाय वर करा! काखेत ओलं फडकं!" रुखसार हुकूम सोडून राहिली. दीपालीनं सदरा फाडूनच काढला, इस्त्रीसकट. दुसरीनं गल्लीतल्या डॉक्टरला आणलं, सलाइन लागलं. घरात थंड खोली एकच, मशीनची. त्याच भिंतीशी बाज टेकवली.

तासाभरानं अमृतरावांनी डोळे उघडले. वर बघितलं. हिरवा दिवा.

"भिंत..." ते पुटपुटले आन् उठायला लागले.

पंचफुलाबाईनं त्यांच्या छातीवर हात ठेवून दाबलं. तो हात तिनं नंतर बी लवकर उचलला न्हाई.

"पडून राहा. भिंत पडायची तवा पडंल. तुमी आधीच पडलाव."

शनिवारी त्यांना ताक-भात चालला. संध्याकाळी त्यांनी बाज भिंतीपासून वीतभर लांब ओढली, जास्त न्हाई. आन् मशीनकडं बघत बसले, हिशेब चुकलेल्या माणसावानी.

आयतवारी साडेबाराला नरसिंगची गाडी गल्लीत आली. गाडीतून उतरला, घाम पुसत सरळ दीपालीच्या खोलीत गेला आन् छताकडं बघितलं. पंखा फिरत होता. त्यानं बाहेर येऊन शेजारच्या घरात डोकावलं, लाइट खरंच गेलीय का बघायला. गेली होती. मग पायातल्या चपला काढल्या.

पंचफुलाबाईनं भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी वाढली. तो तीन भाकरी जेवला. ती उभीच होती.

"पेटी भरायला सांगू का दीपालीला?"

"कशाला?" नरसिंग ढेकर देत म्हणला. "राहू द्या की. परीक्षा होऊ द्या. आन् धाकटी बी पुढल्या साली इकडंच टाकावी म्हणतो."

पंचफुलाबाई आत गेली, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आन् उभ्यानंच सगळं प्याली. थोडं गळ्यावरनं खाली गेलं, ते बी पुसलं न्हाई.

बाहेर येऊन बघते तर अमृतराव नवा सदरा घालून, बाजेवर मांडी घालून बसलेले. पुढं नरसिंग. दारात जिलानी, बॅटरीचं पाणी तपासायला आलेला.

"आता हे सोलार म्हणजे काय, नरसिंगराव," अमृतराव सांगून राहिले, "लोकांना समजत न्हाई. प्लेटांना ऊन पाहिजे, मशीनला सावली पाहिजे. मी पहिल्या दिवशीच म्हणलो ह्या जिलानीला, बाबा रे, उत्तरेची भिंत बघ! ऐकंचना. पत्रा, पत्रा करून राहिला. शेवटी मी स्वतः वर जाऊन बसलो, भर बाराला! म्हणलं, किती तापतं ते अंगावर घेऊन बघू. अंगावर घेतल्याबिगर शास्त्र कळतंय का?"

"बापरे," नरसिंग म्हणला.

"दोन तास बसलो! थर्मामीटर फुटलं!"

जिलानीचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं पंचफुलाबाईकडं बघितलं. तिची नाकपुडी वर गेली, आन् मग, कुणाला दिसलं नसंल, पण ओठाचा एक कोपरा बी गेला. तिनं आधी जिलानीला ताट वाढलं, पाहुण्याच्या शेजारी, चटणीवर तेलाची धार जास्त. मग कोपऱ्यातलं लसणानं भरलेलं सूप उचललं, पायलीभर सोलायचा लसूण, आन् मालकाच्या मांडीवर ठेवलं.

अमृतराव थबकले. लसणाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं.

"थांबलाव कामून?" पंचफुलाबाई म्हणली. "सांगा की पुढचं. हात चालू ठेवून सांगा."